रेशो वाढला, सीआरपी उतरला

आमची लॅब लातूरला. इथले बरेच कॅन्सर पेशंट इंजेक्शन मुंबई-पुण्याला घेतात पण डोसच्या आधीचं रक्त इथंच देतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर तिकडं जातो आणि तिकडून हो आलं की रात्रीची रेल्वे पकडतात. औसा तालुक्यातले एक आबा त्यातलेच. किडनीचा कॅन्सर, फुफ्फुसात गाठी गेलेल्या, मुंबईत निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब अशी जोडीनं इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करून तिलाच कॅन्सरशी लढवणारी औषधं, चालू. दर ३ आठवड्यांनी एक असे ४ डोस जोडीनं द्यायचे असतात, त्यातले २ झाले होते.

तिसऱ्याच्या आधीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आला आणि पांढऱ्या पेशी ११,६००, त्यातले न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिंफोसाइट ९ टक्के. म्हणजे न्यूट्रोफिल-लिंफोसाइट रेशो साडेनऊ! उपचार सुरू व्हायच्या आधी तो ३ च्या आसपास होता.

मी अजून रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितली नव्हती तोवर मुलाचा फोन. त्यानं मोबाइलवर भागाकार करून ठेवलेला. "मॅडम, रेशो वाढला की हे औषध लागू होत नाही म्हणून वाचलंय मी. मंग बंदच करावं म्हणूलालोत आम्ही. सोयाबीनचं सगळं त्यातच गेलंय, अजून आबाला काई सांगितलं नाई." आवाजावरून कळत होतं की रात्री झोपला नसणार. त्याला म्हटलं, दादा, आजचा दिवस थांबा, काहीच ठरवू नका.

तो वाचत होता ते खोटं नाही. शरीरात सूज, इन्फ्लमेशन, जितकी जास्त तितके न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट कमी पडतात, आणि इम्युनोथेरपीचं काम तर लिंफोसाइटच्याच भरवशावर चालतं. रेशो जास्त असलेल्यांचं पुढं कमी चांगलं होतं हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. किडनीच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज बांधायला २००९ पासून आयएमडीसी म्हणून जो स्कोअर वापरतात त्यात ६ गोष्टी बघतात, त्यातल्या ३ तर साध्या सीबीसीत मिळतात : हिमोग्लोबिन कमी, न्यूट्रोफिल जास्त, प्लेटलेट जास्त. चौथी कॅल्शियम, तीही रक्तातलीच. बाकी दोन म्हणजे पेशंट किती हिंडता-फिरता आहे, आणि निदान झाल्यावर वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागलं का. आबांचं हिमोग्लोबिन कमी आणि निदानाला वर्ष झालेलं नाही, म्हणजे २ गुण, जोखमीचा मधला गट. पण हा रेशो वाढलेला असला की इम्युनोथेरपीच्या आधीच्या जुन्या गोळ्यांवरच्या पेशंटचंही पुढं कमीच चांगलं व्हायचं. आजार किती जोरात आहे ते तो सांगतो, हे औषध या माणसाला लागू होणार का नाही ते त्यावरून ठरवता येत नाही, आणि एका रिपोर्टवर तर नाहीच नाही. हे मला त्या पोराला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, आला आणि मी जागीच थांबले. पहिल्यांदा ४८ होता, आता ११. हे जुळेना. गाठ जोर करत असेल किंवा कुठं इन्फेक्शन असेल तर आयएल-६ हे सुजेचा निरोप देणारं प्रथिन वाढतं, त्याच्या सांगण्यावरून लिव्हर सीआरपी बनवतं, म्हणजे दोन्ही आकडे बरोबरच वर जायला पाहिजेत. औषध लागू होत असेल तर दोन्ही खाली. इथं एक वर, एक खाली.

स्लाइड लावली. इन्फेक्शनमध्ये न्यूट्रोफिलमध्ये जाड गडद दाणे दिसतात, कोवळ्या पेशी बाहेर येतात, तसलं काहीच नाही, सगळे पिकलेले शांत न्यूट्रोफिल. आणि इओसिनोफिल, पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार, एकही नाही, २०० पेशी मोजल्या तरी नाही, मागच्या वेळी ४ टक्के होते. (पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणाऱ्या थ्री पार्ट मशीनवर हे वेगळं दिसतच नाही, दुसऱ्या पेशींबरोबर एकत्र मोजले जातात, म्हणून अशा पेशंटची स्लाइड मी स्वतः बघते.)

स्टेरॉइड. रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेले न्यूट्रोफिल स्टेरॉइडनं सुटून धारेत येतात, एसटी लागल्यावर स्टँडवर बसलेली माणसं एकदम उठतात ना तसं, मोजणीत आकडा फुगतो पण नवीन काही घडलेलं नसतं. लिंफोसाइट आणि इओसिनोफिल रक्तातून गायब होतात, सीआरपी दबतो.

मुलाला परत फोन लावला, आबांना दुसरं काय चालू आहे? काहीच नाही म्हणाला. खोदून विचारल्यावर आबा स्वतःच फोनवर आले, "गुडघे लई धरले होते काढणीत, गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन देलं अन् पुडीतल्या गोळ्या देल्या, लई बरं वाटूलालंय." पुडीवर नाव नाही, पण चौकशी केल्यावर मुलानं ज्या स्ट्रिपचा फोटो पाठवला ती डेक्सामिथासोनची निघाली.

मला खरंच राग आला. या औषधांच्या जोडीला कारण नसताना स्टेरॉइड म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीला जागं करायला इतका खर्च चाललाय तिलाच दाबायचं. शिवाय इम्युनोथेरपीनं कधीकधी सांधे सुजतात, आतडं, लिव्हर, थायरॉइड बिघडतात, ते सगळं त्या गोळ्यांखाली झाकलं जाऊ शकतं. साइड इफेक्ट आला तर डॉक्टर स्टेरॉइडच देतात हे खरं, पण ते ठरवून, मोजून.

मुंबईच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांचा पहिला प्रश्न गुडघ्याचाच, दुखणं जुनं का औषधानंतरचं? जुनं, कित्येक वर्षांचं. गोळ्या थोडेच दिवस घेतलेल्या म्हणून बंद करता आल्या, जास्त दिवसांच्या असत्या तर हळूहळू उतरवाव्या लागल्या असत्या. डोस पुढं ढकलला, रक्त पुन्हा करायचं ठरलं.

पुन्हा केलेल्या रिपोर्टात रेशो ३.४, इओसिनोफिल ३ टक्के, सीआरपी २६, हा त्याचा खरा आकडा, पहिल्यापेक्षा तरी कमी. मी मुलाला उगाच गोड सांगितलं नाही, यावरून हुरळून जाऊ नका, स्कॅनच खरं सांगेल म्हटलं. तिसरा डोस झाला, चौथा झाला, मग स्कॅन. फुफ्फुसातल्या गाठी लहान झाल्यात. गेल्या नाहीत, लहान झाल्यात. आता एकटं निवोलुमॅब चालू राहणार आहे, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि व्यायाम, आणि रक्त द्यायला येताना मुलगा घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर आणून ठेवतो.