सावलीसावलीने जर्मनी

नागपूरच्या माणसाला उन्हाच्या गोष्टी सांगू नयेत. माझी मैत्रीण तिथली. मे महिन्यातल्या ४५ अंशांत लग्नाच्या पंगती वाढलेली. जुलैत ती स्टुटगार्टला माझ्याकडे आली तेव्हा मी आपलं सहज म्हटलं, या आठवड्यात ३५ पर्यंत जाणार आहे, जरा जपून. ती हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या मधोमध उभी राहून, मान वर करून छताकडे बघत तिने विचारलं, "पंखा कुठे आहे?"

पंखा नव्हता. जर्मन घरांत छताला पंखा सहसा नसतो आणि एसीही बहुतेक घरांत नसतो. भिंती आणि खिडक्या थंडी अडवायला बांधलेल्या, त्यामुळे एकदा आत शिरलेली गरमी बाहेर जायचं नाव घेत नाही. इथले लोक सकाळीच खिडक्यांबाहेरच्या गुंडाळत्या झडपा खाली ओढून घर अंधारं करतात आणि रात्री सगळं सताड उघडतात. हे मात्र तिला पटलं. "आमच्याकडेही दहा वाजले की दारं-खिडक्या बंद. पण मग एवढं समजते तर कूलर का नाही घेऊन राहिले हे लोक?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुण्याची, त्यामुळे उन्हाच्या विषयात मला मत नाही असं तिने कॉलेजपासूनच ठरवून टाकलं आहे.

तर जुनी गावं बघायची, पण सावलीसावलीने, असं ठरलं. प्रवासाला डॉइचलांड-टिकेट. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं आणि मग महाग होत गेलं, तरी महिनाभर देशातल्या कुठल्याही साध्या गाडीत बसता येतं. वेगवान गाड्या चालत नाहीत, आणि ते एका अर्थी बरंच आहे. साध्या गाड्या छोट्या गावांत थांबतात. वेगवान गाड्यांना ही गावं खिडकीतूनसुद्धा धड दिसत नसतील.

रोटेनबुर्गला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. टाउबर नदीच्या काठी उंचावर वसलेलं हे तटबंदीचं गाव इतकं चित्रासारखं आहे, की पहिली दहा मिनिटं संशय येतो. चौकात झाड नाही, आडोसा नाही, फक्त तापलेले गोटे. आणि त्या चौकातल्या हॉटेलांची छत्रीखालची टेबलं सोडून माणसं उन्हातल्या टेबलांवर, तोंडं सूर्याकडे करून, डोळे मिटून बसलेली. "काय बाप्पा! सावलीतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत न! हे काय करून राहिले?" मी तिला इथल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं वर्णन ऐकवलं. साडेचारलाच पडायला लागणारा अंधार, आठवडेच्या आठवडे न दिसणारा सूर्य. तिने ऐकून घेतलं, पण दुपट्टा तोंडाभोवती आणखी एक वेढा घट्ट केला. नागपुरात स्कूटरवर बसताना बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. चौकातले लोक आता तिच्याकडे बघत होते.

घड्याळाचे ठोके पडले की त्या चौकात सगळे मान वर करतात. जुन्या नगरसभेच्या मद्यगृहावर दोन खिडक्या उघडतात. एकीत सेनापती टिली, दुसरीत पेला तोंडाला लावलेले माजी महापौर नुश. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, टिलीने गाव घेतलं. सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन दाखवलीत तर गाव सोडतो, असं तो म्हणाला आणि नुशने ती रिचवली, अशी आख्यायिका. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मैत्रिणीचं म्हणणं, या उन्हात सव्वातीन लिटर कैरीचं पन्हं दिलंत तर ती स्वतः हे गाव वाचवून दाखवील.

मग आम्ही तटावर चढलो, आणि तिथे तिचा सूर बदलला. रोटेनबुर्गचा तट वरून चालत जाता येतो, आणि त्या वाटेवर कौलारू छप्पर आहे. पहारेकऱ्यांना पावसाबर्फापासून आडोसा म्हणून केलेलं असणार, पण जुलैच्या दुपारी ती गावातली सगळ्यात शहाणी जागा. लाकडी खांब, एका बाजूला जंग्या असलेली भिंत, दुसऱ्या बाजूला घरांची लाल छपरं आणि कुणाच्या तरी परसातलं वाळत घातलेलं कापड. वाट इतकी अरुंद, की समोरून जाड माणूस आला तर अंग चोरावं लागतं.

भिंतीत जागोजाग दगडी पाट्या आहेत. ती वाचत चालली. नावं, गावं, देश. बरीच जपानी नावंसुद्धा. मंदिराच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात तशी ही कुणाची, असं तिने विचारलं. उत्तर तसंच होतं. ३१ मार्च १९४५ ला या गावावर बॉम्ब पडले, सुमारे ४० टक्के जुनं गाव गेलं, तटाचा मोठा भागही कोसळला. तो पुन्हा उभा करायला जगभरच्या लोकांनी मीटर-मीटरने पैसे दिले. म्हणजे पायाखालच्या ज्या वाटेला आम्ही मध्ययुगीन समजत होतो, तिचा काही भाग माझ्या वडिलांपेक्षा तरुण निघाला. मला जरा फसवल्यासारखं झालं. तिला नाही. "पडलं तर बांधलं. नाही बांधलं असतं तर आज आपण उन्हात उभ्या असतो," ती म्हणाली आणि पुढची पाटी वाचू लागली.

सेंट याकोब चर्चमध्येही आम्ही गारव्यासाठीच शिरलो. तिकीट काढताना ती कुरकुरली. वर पश्चिमेच्या सज्जात टिल्मान रीमेनश्नायडरने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरलेलं लाकडी वेदीशिल्प आहे. लिंडेनचं लाकूड, न रंगवलेलं. शेवटच्या भोजनाचा प्रसंग, पण मधोमध येशू नाही. मधोमध उभा आहे यहूदा, हातात पैशांची थैली घेऊन. येशू बाजूला. शिल्पाच्या पाठीमागे खऱ्या काचेच्या छोट्या खिडक्या बसवल्यात, त्यातून प्रकाश त्या मंडळींच्या मागून आत येतो. दुपार कलेल तसे चेहरे बदलतात. गारव्यासाठी आलेली बाई बाकावरून उठायला तयार नव्हती, आणि मला भूक लागली होती.

भुकेवर तिथे श्नेबाल मिळतो, मैद्याच्या पट्ट्यांचा गोळा तळून साखरेत घोळवलेला. त्याबद्दल एवढंच, की दुकानाच्या काचेत तो फार सुंदर दिसतो.

डिंकेल्सब्यूल आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं आणि नोर्डलिंगेनला मुक्काम केला. हे गावही तटबंदीचं, जवळजवळ गोल, पण रोटेनबुर्गसारखी गर्दी नाही. मधोमध सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच मनोरा आहे. त्याला सगळे ‘डानिएल’ अशी घरच्या माणसासारखी हाक मारतात. साडेतीनशे पायऱ्या. मनोऱ्याच्या पोटात थंड सावली, वर वारा, म्हणून मैत्रीण चढायला तयार झाली. वरून चारही बाजूंना सपाट शेतं दिसतात, आणि दूरवर त्या सपाटीला घेरून बसलेली टेकड्यांची कड.

हे सगळं गाव एका उल्कापाताच्या विवरात वसलेलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा आघात, विवराचा व्यास साधारण २४ किलोमीटर. आधी लोक याला ज्वालामुखीच समजत. १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे आघाताच्या प्रचंड दाबाखाली तयार होतं, आणि वाद मिटला. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर इथे दगड ओळखायला शिकायला आले होते. आम्ही चढून आलो तो मनोराही सुएव्हाइट नावाच्या त्या आघाताच्याच दगडाचा, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे हिरे आहेत.

मी हे सांगत होते आणि ती कठड्यावर कोपर टेकून म्हणाली, "म्हणजे लोणार." शाळेची सहल तिथे गेली होती म्हणे. बुलढाण्याचं लोणार व्यासाला दोन किलोमीटरही नाही, काठावर उभं राहिलं की खारं तळं, झाडी, देवळं सगळं एका नजरेत मावतं. "आमचं विवर दिसते तरी. यांचं तर सांगावं लागून राहिलं." विदर्भाच्या बाजूने एक गुण नोंदवून ती खाली उतरली.

रात्री दहानंतर डानिएलवरून राखणदार हाक देतो. दहा ते बारा, दर अर्ध्या तासाने, चारी दिशांना, "झो, ग्झेल, झो". आभाळात अजून उजेडाचा अंश होता, आम्ही खिडकीत बसून वाट पाहत होतो. १४४० ची कथा सांगतात. द्वारपालांनी लाच खाऊन वेशीचं दार रात्री उघडं ठेवलं होतं. नवऱ्यासाठी बिअर आणायला निघालेल्या एका बाईला दिसलं, की एक डुक्कर दाराला अंग घासतंय आणि दार हलतंय. तिने हीच हाक देत ओरडा केला, गाव वाचलं. एका गावाला पिणाऱ्याने वाचवलं, दुसऱ्याला पिणाऱ्याच्या बायकोने. मैत्रिणीला डुकराचा उल्लेख त्या हाकेत का नाही याचा राग आला.

बाम्बेर्गला नगरभवन नदीच्या मधोमध बेटावर उभं आहे. बिशपने जागा द्यायला नकार दिला म्हणून नागरिकांनी पाण्यात खांब ठोकून बेट केलं, अशी तिथली कथा. कॅथेड्रलमध्ये शिरताच ती सम्राट हाइनरिश आणि कुनिगुंडेच्या समाधीपाशी थबकली. "हा तोच न, यहूदावाला?" तोच होता. समाधीही रीमेनश्नायडरचीच.

पण दुपार घालवली ती टेकडीवर, बिअर केलरच्या, म्हणजे बिअरच्या तळघरावरच्या बागेतल्या, चेस्टनटांखाली. ही सावलीही हिशोबाने लावलेली आहे. जुन्या बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती. उन्हाळ्यात आगीची भीती आणि बिअर बिघडायची भीती. म्हणून वसंतात बनवलेली बिअर तळघरांत ठेवायची आणि तळघर गार राहावं म्हणून वर रुंद पानांची झाडं लावायची. बाम्बेर्गकडे टेकड्याच पोखरलेल्या आहेत. पुढे १८१२ मध्ये बव्हेरियाच्या राजाने म्युनिकच्या बिअरवाल्यांना तळघरावर बसवून बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज खाणं विकायचं नाही या अटीवर. तेव्हापासून लोक खाणं घरून आणतात, आणि बऱ्याच बिअर गार्डनमध्ये आजही ते चालतं.

हे कळताच मैत्रिणीने पिशवीतून तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा काढून राजमान्य थाटात टेबलावर मांडला. शेजारच्या आजोबांनी वाकून पाहिलं, तिने एक पुरी आणि लिंबाच्या लोणच्याची फोड पुढे केली. त्यांनी बदल्यात आपल्या ग्लासातली धुरकट वासाची राउखबिअर चाखायला दिली. एक घोट घेऊन तिने ग्लास परत सरकवला. "चुलीजवळ ठेवलेलं पाणी," हा निकाल त्यांना कळला नाही, ते खूश होते.

"उद्या?" तिने विचारलं.

"रेगेन्सबुर्ग. डॅन्यूबवर बाराव्या शतकातला दगडी पूल आहे, तीनशे मीटरहून लांब."

"पुलावर सावली?"

"नाही."

"मग पहिल्या गाडीने निघू," ती म्हणाली आणि उरलेल्या पुऱ्या मोजून डब्याचं झाकण लावलं.