मुकुट दिसलाच नव्हता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, की मॅडम, तुम्ही एमडी मेडिसिन, मग ही लेणी आणि नाट्यशास्त्र कशासाठी?

रेसिडेन्सीत असताना अजिंठ्याला गेले होते. सोळा नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे, लोक त्याला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. मान कलंडलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, अंग सैल पडलंय, मागून दासीने सावरून धरलंय, आणि मी तिथे उभ्या उभ्या मनात केसपेपर लिहिला, सिंकोपी, म्हणजे शुद्ध हरपून पडणं, आणि पुढे निघाले. नंतर वाचलं की ती मरत नाहीये, ती सुंदरी, बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची बायको. नंद बुद्धाकडे जाऊन भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन माणूस तिच्याकडे आलाय. तो मुकुट मी बघितलाच नव्हता!

ती रुखरुख लागली ती लागलीच. मग नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींचे आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना अंगावर आपोआप उमटते त्या खुणा, वाचले, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय, म्हणजे थिजणं, घाम, काटा, आवाज बदलणं, थरथर, फिकटपणा, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी भान हरपणं. अहो, ही तर आम्ही बेडसाइडला रोज बघतो तीच लक्षणं! फक्त भरत आधी विभाव विचारतो, म्हणजे हे कशामुळे झालं, समोर कोण होतं, आणि ते सगळं जुळून येतं तेव्हा बघणाऱ्याला रस, म्हणजे त्या भावनेचा आस्वाद, मिळतो. मी विभाव सोडून थेट लक्षणावर उडी मारली होती.

आणि डॉक्टरने यात पडणं नवीन नाही हो. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉ. भाऊ दाजी लाड, मुंबईतली एवढी मोठी प्रॅक्टिस सांभाळून त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, त्यात याच लेण्याचा, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेखही आला. मला त्यांचा फार आधार वाटतो.

मागे एकदा एक बाई चक्कर येऊन पडली म्हणून आणली होती, ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, बीपीही ठीक. नणंद बरोबर होती, तिला विचारलं, पडायच्या आधी घरी कोण आलं होतं का? म्हणाली, पोस्टमन, कोर्टाची नोटीस घेऊन. बाहेर लाइन लागलेली तरी मी खुर्ची ओढून त्या बाईजवळ बसले.