ऑपरेशननंतर पाठ सरळ दिसते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्कोलिओसिसचं, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या विकाराचं, ऑपरेशन ठरलेल्या मुलींच्या आया मला हे विचारतात, तेही मुलगी जरा लांब गेली की, आवाज खाली करून. शाळेत असताना माझंही झालंय, तेव्हा विचारणं साहजिक आहे. माझं उत्तर ठरलेलं: कपड्यांत बहुधा सरळ दिसते. उघडी पाठ, त्यातून मुलगी पुढे वाकलेली असताना पाहिलीत, तर पूर्ण सरळ नाही.

एक्स-रेवर बाकाचा जो कोन मोजतात तो कॉब अँगल. छातीच्या भागातला बाक 50 अंशांपुढे गेला की उंची वाढायची थांबल्यावरही तो हळूहळू वाढत राहतो, म्हणून साधारण 45-50च्या आसपास सर्जन ऑपरेशनचं बोलू लागतात. पण मणके नुसते बाजूला झुकत नाहीत. पिळा घातलेल्या टॉवेलसारखे ते फिरतात आणि बरगड्यांनाही फिरवतात. पाठीवरचा उंचवटा त्यातून येतो. (त्याला घरात कुणालाही 'कुबड' म्हणू देऊ नका.) कोन 60वरून 20वर आला तरी उंचवटा त्या हिशेबानं उतरत नाही, कारण वाढत्या वयात बरगड्यांचा आकारच बदललेला असतो.

अमेरिकेत सर्जन पॉल हॅरिंग्टन यांनी 1962 साली प्रसिद्ध केलेला धातूचा रॉड कणा ताणून लांब करायचा. पीळ तसाच राहायचा, वर कंबरेचा नैसर्गिक खळगा सपाट व्हायचा. आता बाकाच्या भागातल्या बऱ्याच मणक्यांत स्क्रू घालून मणके उलट फिरवता येतात, त्यामुळे उंचवटा बराच कमी होतो. तरीही खुपत असेल तर बरगड्यांचे तुकडे काढण्याची शस्त्रक्रिया असते. ती दुखते, आणि श्वासाची क्षमता काही काळ घटते. नुसत्या दिसण्यासाठी मी ती करून घेतली नसती.

खरा फरक पडतो तो कंबरेत. एका बाजूला खोल घडी आणि दुसरी बाजू सपाट, हे बरंच जुळून येतं, आणि उंचीही थोडी वाढते. माझ्या कुडत्याचं खालचं टोक तिरकं पडायचं थांबलं, हे आईच्या आधी आमच्या टेलरकाकांच्या लक्षात आलं.

खांद्यांचं मात्र आधीच विचारून घ्या. मुख्य बाक सरळ केल्यावर कधी कधी उलट दुसराच खांदा वर येतो, विशेषतः मुख्य बाकाच्या वर असलेला छोटा बाक ताठर असेल तर. म्हणून स्क्रू वर कुठल्या मणक्यापर्यंत न्यायचे हा सर्जनच्या विचाराचा मोठा भाग असतो. काहींचे खांदे काही महिन्यांत आपोआप समतोल होतात, काहींचे नाही. ब्लाउज, ओढणी, बॅगेचा पट्टा, सगळीकडे हे जाणवतं.

पाठीच्या मधोमध व्रण राहतोच. कुणाचा बारीक रेघेवर थांबतो, कुणाचा जाड होतो. मोठ्या गळ्याचा ब्लाउज घालायचा की नाही, हे तिला ठरवू द्या.

आणि हा प्रश्न तिच्या देखतच विचारा. रुग्णांकडून भरून घेतात त्या एसआरएस-22 प्रश्नावलीत 'कपड्यांत तुम्ही कशा दिसता?' असा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कॉब अँगलशी जुळेलच असं नाही. सर्जनला उंचवटा दिसतो, तुम्हाला खांदा, आणि तिला कदाचित फक्त कंबर.