मग त्यांनी पैसे का भरले?

ब्रिटनच्या पोस्टात सदोष सॉफ्टवेअरने खोटी तूट दाखवली आणि निर्दोष माणसं गुन्हेगार ठरली, त्या हॉरायझन प्रकरणावरचं माझं वर्गातलं प्रेझेंटेशन चांगलं झालं. मॅडमनी तसं सगळ्यांसमोर सांगितलंही. तरी दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, आणि ते शेवटच्या बाकावरून आलेल्या प्रश्नामुळे. "चूक सॉफ्टवेअरची होती, तर त्या लोकांनी खिशातून पैसे का भरले? मी असते तर एक रुपया दिला नसता."

उत्तर मी दिलं. ब्रिटनमधला सबपोस्टमास्टर पगारी नोकर नसतो. तो कराराने पोस्टाचं काउंटर चालवतो, बऱ्याचदा स्वतःच्या दुकानातच. हिशेबात तूट आली की ती भरून द्या, करारात तसं आहे, असं पोस्ट ऑफिस त्यांना सांगायचं. मॅडमनी मान डोलावली, पुढचा ग्रुप उठला. मी जागेवर येऊन बसले आणि माझं मलाच कळलं की हे उत्तर पुरेसं नाही.

प्रेझेंटेशनला विषय म्हणून बाकीच्यांनी ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं, कुणी रेल्वेचं आरक्षण घेतलं. मला 'हॉरायझन' हवं होतं. फुजित्सूची ही प्रणाली 1999 पासून ब्रिटनच्या पोस्टाच्या शाखांमध्ये बसवली गेली. स्क्रीनवर तूट दिसायची, गल्ल्यातली रोकड मात्र प्रामाणिक असायची. 2015 पर्यंत 900 हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. बहुतेक खटल्यांत फिर्यादी खुद्द पोस्ट ऑफिस. त्यात इंग्लंडमधल्या 1999 च्या एका कायद्याने, संगणक नीट चालत होता हे आधी दाखवून देण्याची अट काढून टाकलेली. म्हणजे यंत्र बरोबर आहे हे धरूनच चालायचं, आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. सिद्ध कशाने करणार? नोंदी तर त्यांच्याकडे.

एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, मी वर्गात फळ्यावर काढून दाखवला. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनच्या शाखेत 2015 साली 8,000 पौंडांची रोकड दुसरीकडे वळती करायची होती. स्क्रीन अडकली, म्हणून एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. प्रत्येक वेळी नोंद झाली. 32,000 पौंड. 24,000 ची तूट, जी कुठेच नव्हती. हे सगळ्यांना पटकन समजलं. एंटर कुणी दाबलेलं नाही?

पण शेवटच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न बगचा नव्हताच.

जो हॅमिल्टन नावाच्या सबपोस्टमास्टरबाई होत्या, हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात. तूट दिसली म्हणून त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. तिकडून सांगितलं तसं करत गेल्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. पुढे घर गहाण पडलं, गावाने वर्गणी काढली. चोरीचा आरोप टळावा म्हणून त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. ती शिक्षा रद्द झाली 2021 मध्ये. आणि हेल्पलाइनवर कितीतरी जणांना एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. ही ओळ मी स्लाइडवर ठळक केली होती. उत्तर तिथेच होतं, पण ते बोलायला गेले असते तर मला आईचं नाव घ्यावं लागलं असतं.

आई पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. तिथे डे-एंडला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करताना, कॅश टॅली होईना, ती रात्र मला आठवते. आई जेवली नाही. आधी व्हाउचर, मग नोटांची गड्डी, मग पुन्हा व्हाउचर. शेवटी तूट भरायला भिशीचे पैसे गेले. बाबा काही बोलले नाहीत, आणि ते जास्त... असो.

वर्गात पहिल्याच युनिटला शिकवलं, माहिती प्रणालीचे पाच भाग: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, कार्यपद्धती आणि माणसं. मग पिरॅमिड काढला. तळाशी रोजच्या व्यवहारांच्या नोंदी, शिखरावर निर्णय घेणारे. तळाच्या थरावर आम्ही एक तास दिला असेल, वरच्या थरांवर उरलेलं सेमिस्टर. मला संध्याकाळी बसमध्ये याचंच रडू येत होतं. माझी आई त्या तळाच्या थरात आहे, आणि वर्गात हे फक्त मला टोचतं असं वाटलं. एकटं वाटलं. वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

रात्री भाकऱ्या करताना आईला सरळ विचारलं, तेव्हा तू पैसे का भरलेस? ती म्हणाली, "माझी चूक नाही असं कशावरून म्हणणार होते? सिस्टीममध्ये दिसत होतं. आणि सकाळी काउंटर उघडायचंच होतं की." तिच्या आवाजात राग नव्हता. "चूक माझी की मशीनची, अजून माहीत नाही," एवढं म्हणून तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

म्हणजे माणूस पैसे भरतो, कारण आधी त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडतो. समोर स्क्रीन ठाम आणि आपण थकलेले. करार वगैरे त्यानंतर येतो.

एक रुपया दिला नसता म्हणणारीवर माझा आता राग नाही. काउंटरवर बसलेल्या माणसाला खरं तर तसंच म्हणता आलं पाहिजे. आधी नोंदींचा माग दाखवा, कोणत्या मिनिटाला काय नोंदलं गेलं, कुणाच्या लॉगिनने, मग तुटीचं बोलू. पुस्तकात याला ऑडिट ट्रेल म्हणतात, आणि ते लेखापरीक्षकासाठी असतं असं लिहिलंय. ते कॅशियरसाठीही असायला हवं, हे मी इंटर्नलच्या उत्तरात लिहिणार आहे. गुण मिळोत न मिळोत. पुढच्या वर्षी ऑडिटचा पर्याय घ्यायचा की नाही यावर दादाशी दोनदा वाद झाला होता. आता वाद घालायचं कारण उरलं नाही, फॉर्म मी भरणार.