फोन पाहिला की डोकं दुखायचं, त्याचं कारण शोधता शोधता

फोनमुळे डोकं दुखते म्हटलं की सगळे एकच सांगतात, फोन कमी वापर. पण ज्याचं कामच फोनवर आहे त्याने काय करायचं? मी नागपूरला जयप्रकाश नगरकडे राहते, घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या ट्यूशन्स घेते, आणि कोरोनात पालकांना जी सवय लागली ती लागलीच, पोरांच्या वह्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, मी ते मोठे करकरून तपासते, लाल रंगाने खुणा करते, परत पाठवते. दिवसा ट्यूशन्स असतात म्हणून हे काम रात्रीचं, जेवणं आटोपल्यावर. मुलगी बाजूला झोपलेली, म्हणून लाइट बंद आणि फोनचा ब्राइटनेस एकदम खाली. पेन्सिलने लिहिलेली वही, तिरपा फोटो, त्यावर फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली, अपूर्णांकाची रेघ कोणती आणि वजाबाकीचं चिन्ह कोणतं हेच समजत नाही कधी कधी.

मागच्या उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. दोन्ही भुवयांच्या वर जड व्हायचं, मग डोळ्यांच्या मागून ओढल्यासारखं, आणि फोन खाली ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं की काटे आधी धूसर, थोड्या वेळाने स्पष्ट. काही रात्री मळमळ पण. सकाळी उठली की बरं असायचं, फोन हातात घेतला की तासाभरात परत तेच.

घरात सगळ्यांचे उपाय सुरू झाले. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी काकडीच्या चकत्या ठेवायला लावल्या, थंड वाटायचं, दुखणं तिथेच. डोळ्यात गुलाबपाणी टाक म्हणाल्या. मेडिकल स्टोअरवाल्याने एक ड्रॉप दिला, लाली जाते म्हणे. डोळ्यांच्या डॉक्टरांना नंतर ती बाटली दाखवली तर त्यांनी लगेच बाजूला ठेवली, त्यात स्टिरॉइड होतं. असे थेंब कुणाला न विचारता टाकत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकते, आणि वाढलेलं समजत पण नाही. गुलाबपाणीसुद्धा डोळ्यात टाकायचं नाही, ते निर्जंतुक नसते. हे मी मुद्दाम लिहून राहिली आहे कारण प्रत्येक घरात अशी एखादी अर्धी बाटली फ्रिजच्या दारात असतेच.

मग आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली, बीपी नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. डोकेदुखीची गोळी किती घेता विचारलं, मी म्हटलं जवळपास रोजच. ते म्हणाले हे आधी बंद करा ताई, महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस साध्या पेनकिलर घेतल्या, असं काही महिने चाललं, की गोळीमुळेच डोकं दुखायला लागते, मिक्स गोळ्या तर महिन्यातून १० दिवस घेतल्या तरी तसं होऊ शकते. मला हे अजिबात माहीत नव्हतं. पाणी पीत जा, झोप घ्या, आणि डोळे तपासून घ्या म्हणाले.

डोळे तपासायचे म्हणजे आपल्याकडे चष्म्याचं दुकान. फ्री कॉम्प्युटर चेकअपचा बोर्ड होता, मशीनमध्ये हनुवटी टेकवली, आत रस्ता आणि त्याच्या शेवटी हवेतला फुगा दिसते तेच मशीन. दोन मिनिटांत नंबर आला, मायनस ०.५०. दुकानातल्या मुलाने एका कार्डावर निळ्या लाइटचा पेन मारून दाखवला, कार्ड जांभळं पडलं, मग मध्ये ब्लू कटची काच धरली, कार्ड पांढरंच राहिलं. पाहायला एकदम पटते. मुलगा गोड बोलणारा होता, त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे शिकवलं ते तो सांगत होता. पण फोनमुळे डोळे शिणतात ते निळ्या प्रकाशाने, याला तसा आधार नाही. अमेरिकेतली डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, असे चष्मे घ्या म्हणत नाही, आणि २०२३ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर साध्या चष्म्यापेक्षा ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही. कार्डावरचा प्रयोग खोटा नाही, काच निळा प्रकाश अडवते हे खरंच आहे, पण डोकं त्याने दुखतच नसेल तर अडवून काय उपयोग.

त्या नंबरचा ब्लू कट चष्मा मी तेव्हा घेतला, आणि त्याने माझं दुखणं वाढलं. कमी होणं सोडा, आधी तासाभराने दुखायचं ते आता पंधरा मिनिटांत.

शेवटी धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे नंबर लावला. (खर्चाची अडचण असेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत डोळ्यांचा विभाग आहे, केसपेपर काढून तपासणी होते, फक्त सकाळी लवकर जा आणि वेळ हातात ठेवा.) या तपासणीत आणि दुकानातल्या तपासणीत किती फरक असतो ते तेव्हा समजलं. आधी डोळ्याचं प्रेशर मोजलं, १० ते २१ मध्ये नॉर्मल धरतात, माझं १४ आलं. मग मॅडमने एक पेन माझ्या नाकासमोर धरून हळूहळू जवळ आणला, म्हणाल्या, "टोकाकडे पाहा, एकाचे दोन दिसले की सांगा." चांगल्या डोळ्यांना पेन नाकापासून पाच-सहा सेंटीमीटरवर येईपर्यंत एकच दिसते. मला पेन वीतभर लांब असतानाच दोन दिसायला लागले, मॅडम म्हणाल्या, "तुमचा उजवा डोळा बाहेर सरकला बघा." म्हणजे जवळचं पाहताना दोन्ही डोळे आत वळून एका जागी टिकायला पाहिजेत, माझे टिकत नव्हते. याला कन्व्हर्जन्स इनसफिशिअन्सी म्हणतात. मी रोज रात्री फोन नाकाशी धरून, डोळ्यांना जबरदस्तीने तिथे टिकवून, सातवीचे अपूर्णांक तपासत होती!

मग थेंब टाकले. बाहुल्या मोठ्या करणारे साधे थेंब वेगळे, हे जोराचे होते, डोळ्याच्या आतला जवळचं पाहायचा स्नायू सैल करणारे. थोड्या वेळाने परत नंबर काढला आणि मायनस गायब! उलट थोडा प्लस निघाला, सोबत बारीकसा सिलिंड्रिकल. मॅडमने समजावून सांगितलं ते असं: जवळचं पाहायला आतला स्नायू आवळला जातो, तासन् तास आवळलेला राहिला की दूर पाहतानाही पटकन सुटत नाही, म्हणून घड्याळाचे काटे धूसर, आणि म्हणूनच मशीनला खोटा मायनस दिसला. त्या मायनसच्या काचेने स्नायूला आणखी आवळायला लावलं. पस्तीस-छत्तीसच्या वयात एकदम पहिल्यांदा मायनस नंबर निघाला, तोही डोकं दुखत असताना, तर थेंब टाकून परत तपासल्याशिवाय चष्मा करू नका. एवढी गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटते.

थेंब टाकल्यावर मात्र गाडी चालवता येत नाही. मे महिना, पारा ४५ च्या पुढे, बाहुल्या मोठ्या, सगळं पांढरं पांढरं दिसत होतं, दुपट्टा तोंडाला बांधून यांच्या हाताला धरून काँग्रेस नगर स्टेशनपर्यंत आली आणि मेट्रोने घरी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पेपर वाचता आला नाही. कुणाला तरी सोबत न्या.

तिसरी गोष्ट निघाली कोरडेपणा. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात, किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात, ते माझं ठीक होतं, पाणी पुरेसं येत होतं. पण पिवळा रंग टाकून पाहिलं तर डोळ्यावरचा पाण्याचा थर चार-पाच सेकंदात फाटत होता, तो निदान दहा सेकंद टिकायला पाहिजे. आपण एरवी मिनिटाला १५-२० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे पाहताना त्याच्या निम्म्यावर येतो, कधी त्याहून कमी, आणि मिटतो ती पण अर्धवट. त्यात माझा पलंग कूलरच्या बरोब्बर समोर. मला वाटायचं कूलरची हवा ओली असते, डोळ्यांना बरीच. मॅडम म्हणाल्या, हवा ओली असो की कोरडी, झोत सरळ तोंडावर आला की थर वाळतोच. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा असं कोणी डॉक्टर सांगू शकत नाही, त्यांनीही नाही सांगितलं, फक्त पलंगाची दिशा बदलायला लावली. आता झोत पायाकडून जातो. पैसा नाही, औषध नाही, आणि डोळ्यात रेती गेल्यासारखी खुपखुप आठवड्याभरात अर्ध्यावर आली. सोबत डोळे ओले ठेवणारे कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोजचे थेंब, दिवसातून चार वेळा.

डोळ्यांसाठी पेन्सिलचा व्यायाम दिला. हातभर अंतरावर पेन्सिल धरायची, टोकावरचं अक्षर पाहत हळूहळू नाकाकडे आणायची, दोन दिसलं की थांबून एक करायचा प्रयत्न करायचा, परत मागे. रोज पंधरा मिनिटं. ऐकायला सोपं वाटते पण पहिल्या आठवड्यात या व्यायामानेच डोकं दुखायचं, सोडून द्यावासा वाटला. मॅडमने आधीच सांगितलं होतं की घरच्या घरी पेन्सिलपेक्षा क्लिनिकमध्ये येऊन केलेली थेरपी जास्त चांगली, लहान मुलांवरच्या अभ्यासात तसं दिसलंय, म्हणून मग शनिवारी तिकडे पण जायला लागली. दीड-दोन महिन्यांत पेन नाकाच्या बराच जवळ एकच दिसायला लागला.

एवढं सगळं झालं, नवीन नंबरचा चष्मा झाला, दिवसाचं दुखणं जवळजवळ गेलं. पण रात्रीचं राहिलंच. लाइट बंद करून वह्या तपासायला बसली की वीस मिनिटांत भुवयांवर ते जड. मॅडम म्हणाल्या डोळे आता ठीक आहेत, अंधारात पाहू नका. मी म्हटलं हा फोन घ्यायच्या आधी, जुन्या फोनवर अंधारात पाहूनही दुखत नव्हतं, तेव्हा कुठे विचार सुरू झाला की फोनमध्ये काही आहे का.

माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला होता. म्हणाला, "मावशी, जुन्या फोनचा स्क्रीन एलसीडी होता, याचा अमोलेड, वेगळ्या प्रकारचा आहे, दाखव इकडे." त्याने माझ्या फोनवर पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस एकदम कमी केला, खोलीतला लाइट बंद, आणि स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर स्पीड १/२००० की असं काही ठेवून माझ्या स्क्रीनवर धरला. डोळ्यांना पान एकदम स्थिर दिसत होतं आणि कॅमेऱ्यात त्यावर काळे जाड पट्टे सरकत होते. पाहून अंगावर काटाच आला. मग जुना फोन कपाटातून काढला, चार्ज केला, तसाच धरला, एक पट्टा नाही.

कारण असं की बरेचसे अमोलेड स्क्रीन उजेड कमी करायला दिवा मंद करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. कितीतरी फोनमध्ये हा वेग २४० हर्ट्झच्या आसपास असतो. ब्राइटनेस जितका कमी, तितका बंद राहायचा वेळ जास्त. आपल्याला झगमग दिसत नाही पण काही लोकांच्या डोळ्यांना आणि डोक्याला ती जाणवते, सगळ्यांना नाही, माझ्या मिस्टरांना माझ्याच फोनवर काहीही होत नाही. पाकिटावर जे १२० हर्ट्झ छापलेलं असते ते रिफ्रेश रेट, ते वेगळं, त्याचा याच्याशी घोळ करू नका. एलईडीच्या लुकलुकीबद्दल आयईईई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं २०१५ चं एक मानक आहे, १७८९ नंबरचं, त्याचं साधारण म्हणणं असं की १२५० हर्ट्झच्या वर गेलं की धोका कमी आणि ३००० च्या वर काळजीचं कारण उरत नाही. हल्ली काही कंपन्या १९२०, २१६०, ३८४० असे आकडे जाहिरातीत देतात ते हेच.

लगेच नवीन फोन घेणं जमण्यासारखं नव्हतं. भाच्याने सेटिंगमध्ये फ्लिकर कमी करायचा ऑप्शन शोधला, काही फोनमध्ये त्याला डीसी डिमिंग म्हणतात, माझ्यात नव्हताच. मग ब्राइटनेसचा पट्टा अर्ध्याच्या वर ठेवला आणि एक्स्ट्रा डिम चालू केलं, हे अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये आहे, त्याने स्क्रीनवर काळसर पडदा टाकल्यासारखं होते, दिवा तसाच राहतो. परत कॅमेरा लावून पाहिलं तर पट्टे पातळ झाले होते. खोलीत झिरोचा बल्ब नाही, तर टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून लावला, मुलीच्या डोळ्यांवर येत नाही आणि मला पुरेसा उजेड. त्या दोन गोष्टींनी रात्रीचं दुखणं निम्मं झालं.

दिवाळीत सीताबर्डीला जाऊन एलसीडी स्क्रीनचा फोन घेतला. काही एलसीडीमध्येही पीडब्ल्यूएम असते म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. दुकानात डिस्प्लेचा पीस मागा, ब्राइटनेस पार खाली करा, आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने बघा, तेही कमी उजेडाच्या कोपऱ्यात, कारण दुकानाच्या झगझगीत लाइटमध्ये पट्टे नीट दिसत नाहीत. काउंटरवरचा मुलगा आधी वैतागला, मग त्याने स्वतःच एकेक फोन काढून दाखवला. रंग अमोलेडसारखे गडद नाहीत, फोन थोडा जाड आहे, वह्या तपासायला काही फरक पडत नाही.

पालकांनाही सांगितलं, फोटो सरळ वरून काढा, खिडकीजवळ काढा, आणि सातच्या आत पाठवा. निम्मे पाठवतात. फोन आता हातभर लांब धरते, अक्षर मोठं करते, दर वीस मिनिटांनी उठून गॅलरीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहते. सलग तास झाला तर अजूनही थोडं जड होते, मग त्या दिवशीच्या उरलेल्या वह्या सकाळी.

एक मात्र सांगते, डोळा लाल होऊन एकदम जोरात दुखला, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, उलट्या झाल्या, नजर अचानक कमी झाली किंवा कधीच झालं नाही असं डोकं दुखलं, तर हे स्क्रीनचं, कॅमेऱ्याचं काही करत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरकडे जा, रात्र असली तरी.