काँट्रा नाचाची रेकॉर्डिंग कशी पारखायची

काँट्रा म्हणजे समोरासमोरच्या लांब रांगांत जोडीने नाचायचा लोकनाच. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या काँट्रा संगीताच्या जुन्या तबकड्या आता सहज ऐकायला मिळतात. डडली लॉफमन यांच्या ‘कँटरबरी कंट्री डान्स ऑर्केस्ट्रा’ या वाद्यवृंदापासून सुरुवात करावी; पियानोचा ठेका नीट कानात बसतो.

ऐकताना मात्रा मोजा. दोन भाग, प्रत्येकी १६ मात्रांचे, दोन-दोनदा वाजतात: ६४ मात्रांचं एक आवर्तन. नाचाच्या हालचालीही याच मापाने बेतलेल्या असतात, त्यामुळे एखाद्या भागात दोन मात्रा जास्त आल्या की अख्खी रांग चुकते. अशा वाकड्या चाली ऐकायला झकास, नाचायला बाद. ‘मनी मस्क’ हा नाच मात्र जाणूनबुजून ४८ मात्रांवर नाचतात.

दुसरी अडचण लांबीची. मिनिटाला ११६ मात्रांच्या गतीने एक आवर्तन सुमारे ३३ सेकंदांचं. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) जुन्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची, म्हणजे जेमतेम पाच आवर्तनं! नाचाला दहा तरी हवीत. लांबी वाढवायला तीच आवर्तनं पहिल्याच मात्रेवर कापून पुन्हा जोडा. अधेमधे जोडलंत तर सांधा पायाला कळतो. गती कमी करताना सूर न बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर सोबत फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्याची पंचाईत.