कितव्या वर्षाला आहे? (अमेरिकेतल्या क्रेडिटचं गणित)

भारतातून फोन आला की हमखास विचारतात, मुलगा कितव्या वर्षाला आहे आता? इथल्या पोरांना याचं सरळ उत्तरच देता येत नाही, कारण अमेरिकेत वर्ष पास व्हायची भानगड नाही, क्रेडिट जमवत जायचे. असोसिएट डिग्रीला (बॅचलर्सच्या अलीकडची, दोन वर्षांची) साधारण ६०, बॅचलर्सला १२०, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ३० ते ३६.

एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात आणि वर निदान दोन तास स्वतःचा अभ्यास, असं साधारण १५ आठवडे. ३ क्रेडिटचा कोर्स टाइमटेबलवर दिसतो सोमवार-बुधवार-शुक्रवार ५०-५० मिनिटं, किरकोळ वाटतो, पण घरचे सहा तास धरले की झाले नऊ, असे पाच कोर्स घेतले की आठवड्याला ४५ तास, म्हणजे नोकरीच की! लॅबला तर तीन-तीन तास उभं राहायचं आणि पदरात बऱ्याचदा एकच क्रेडिट.

आता खरी मेख. फुल टाइम म्हणवून घ्यायला बॅचलर्सच्या पोरांना सेमिस्टरला १२ क्रेडिट पुरतात, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसालाही तेवढेच लागतात. पण आठ सेमिस्टर बारा-बाराने गेलात तर होतात ९६! चार वर्षांत सुटायचं तर दर वेळी १५ हवेत, नाहीतर उन्हाळ्यात भरून काढा नाहीतर पाचव्या वर्षाची फी भरा. (यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला, १८० लागतात हे ऐकून घाबरू नका, तिथे क्वार्टर सिस्टीम आहे, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्म, म्हणून आकडा दीडपट होतो, काम तेवढंच.)

कम्युनिटी कॉलेज (असोसिएट डिग्री देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) म्हटलं की आपले लोक नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही. पहिली दोन वर्षं तिथे काढून मग युनिव्हर्सिटीत जाणारे भरपूर आहेत, फी बरीच कमी आणि डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच. फक्त असोसिएट डिग्री ए.ए. (आर्ट्स) किंवा ए.एस. (सायन्स) घ्या, ए.ए.एस. (अप्लाइड सायन्स) मुख्यतः थेट नोकरीसाठी असते, तिचे सगळे क्रेडिट पुढे धरतीलच असं नाही. आणि क्रेडिट ट्रान्सफर झाले म्हणजे मेजरमध्ये (मुख्य विषयात) धरले असंही नव्हे हं, नुसते इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) टाकले तर ६० हातात असून मेजरचे विषय तसेच बाकी. अॅडव्हायझरकडून आधीच लेखी घ्या.

डॉक्टर-वकील व्हायला बहुतेकांना आधी बॅचलर्स, मग एम.डी. (इथली डॉक्टरकीची पहिलीच डिग्री) चार वर्षं किंवा जे.डी. (वकिलीची) तीन. त्यामुळे भाचा प्री-मेड आहे असं कळलं तर लगेच पेढे वाटू नका, प्री-मेड ही डिग्री नव्हे, मेजर काहीही असो, सोबत मेडिकलला लागणारे सायन्सचे कोर्स घेतोय एवढंच, अॅडमिशन अजून व्हायचीय.